डोळ्यांवरचा धूर

अमडापूरच्या बाजारात माझा सख्खा काका माझ्यासमोरून गेला आणि मी त्याला ओळखलं नाही. त्याने हात वर केला होता, मला नावाने हाकही मारली होती म्हणे. बाजाराच्या गलक्यात मला ती ऐकू आली नाही. मला फक्त एक पांढरा सदरा दिसला आणि त्या सदऱ्याला चिकटून आणखी दोन फिके सदरे. असे सदरे बाजारात शंभर होते. मी मान खाली घालून पुढे गेले.

संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं की वच्छी मास्तरीण झाली आणि तिच्या डोळ्यांवर धूर चढला. किसनकाका माझ्या बाबांना म्हणाला, "पोरीले शिकवलं हे चांगलं केलं दादा. पण आपल्या माणसाले ओळखाले बी शिकवा लागत होतं."

 रात्री जेवताना बाबांनी एवढंच विचारलं, "काऊन वं, काका दिसला नाही तुले?"

मी म्हटलं, लक्ष नव्हतं. गर्विष्ठ म्हणवून घेणं मला परवडत होतं. आंधळी म्हणवून घेणं परवडणारं नव्हतं.

हे मी लिहिते आहे ते अशा घरांसाठी, जिथलं एखादं तरणं पोर पुस्तक नाकाला लावून वाचतं, सारखे डोळे चोळतं, दर सहा महिन्यांनी चष्मा बदलूनही ठेचा खातं, आणि घरचे म्हणतात की सोंग करतं. मी त्या पोराच्या जागी होते.

*

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळा गावोगाव निघत होत्या आणि मास्तर कमी पडत होते. आमच्या लोकांनी धम्म घेतल्यानंतर वस्तीतली जी पहिली पोरं शिकून नोकरीला लागली त्यांत मी होते, आणि मुलींमध्ये तर एकटीच. बाबा मजुरीला जायचे. माझी नेमणूक झाली त्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून विहाराच्या खोलीपुढे जाऊन बसले होते, लोकांनी विचारावं म्हणून. लोकांनी विचारलं. त्यांनी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

शिकत असतानाच माझी नजर बिघडायला लागली होती. दिव्याला शेपट्या फुटायच्या. फळ्यावरच्या प्रत्येक अक्षराखाली त्याचं भूत दिसायचं, आणि ती भुतं खालच्या ओळीत मिसळायची. डोळ्यांना खाज सुटायची. मनगटाने करकचून चोळलं की घटकाभर बरं वाटायचं, म्हणून मी दिवसभर चोळत राहायचे.

नोकरी लागल्यावर मी लपवायच्या युक्त्या शोधल्या. पहिली ते तिसरीची पुस्तकं माझी पाठ होती. हातात पुस्तक उघडं धरायचं आणि पाठ म्हणायचं. पोरांना मी आवाजावरून ओळखायचे. पाटी तपासायची वेळ आली की म्हणायचे, "मोठ्याने वाचून दाखव." हेडमास्तरांना वाटलं ही माझी शिकवण्याची पद्धत आहे. त्यांनी एकदा दुसऱ्या गुरुजींसमोर तिचं कौतुक केलं. मला जमिनीत जावंसं वाटलं.

एकटी असले की मी मूठ वळून तिच्या बारीक भोकातून बघायचे. तसं बघितलं की अक्षर एकच दिसायचं. का, ते कळत नव्हतं. पण मास्तरणीने वर्गात मुठीतून बघायचं तरी कसं?

*

चिखलीच्या चष्मेवाल्याने मला दोन वर्षांत चार चष्मे दिले. तो भला माणूस होता. एकेक काच घालून विचारायचा, आता कसं, आता कसं? मी दर वेळी थोडं बरं सांगायचे, कारण माझ्यामागे रांग असायची. चौथ्या वेळी त्याने काचा खाली ठेवल्या आणि म्हणाला, हे माझ्या हातचं नाही, मोठ्या डॉक्टरला दाखवा.

एका दवाखान्यात पापण्यांच्या आत खुपऱ्या झाल्यात असं सांगितलं आणि झोंबणारं औषध दिलं. दुसरीकडे अशक्तपणा निघाला. तिसऱ्या डॉक्टरांनी बत्ती मारून दोन्ही डोळे पाहिले. म्हणाले, आत सगळं स्वच्छ आहे, या वयात मुली असं करतात, हिचं लग्न करून द्या. हे ते मला म्हणाले नाहीत. माझ्या मायला म्हणाले, मी शेजारी बसलेली असताना.

परतीच्या एसटीत माय खिडकीकडे तोंड करून बसली. उतरल्यावर म्हणाली, "तुले नोकरी नको असन तं सांग. असं नाटक नको करू." ती कडक बाई नव्हती. पण डॉक्टर शिकलेला, मीही शिकलेली. दोघांपैकी एक खोटं बोलतो आहे, एवढं तिला कळत होतं.

खरं सांगायचं तर मलाही शंका यायला लागली होती. आत सगळं स्वच्छ आहे असं डॉक्टर म्हणतो, मग मीच काही करते आहे का? अंथरुणात पडल्या पडल्या मी स्वतःला बजावायचे, उद्या नीट बघ. जणू मी मुद्दाम वाकडं बघत होते.

*

मग तपासणी आली.

साहेब जीपने आले. वर्गात खुर्चीवर बसले. मी तिसरीचा धडा घेतला, तो चांगला झाला. पोरांनी उत्तरं दिली. साहेबांनी मान हलवली, आणि मग पिशवीतून त्या दिवसाचं वर्तमानपत्र काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "यातलं काही वाचा. पोरांना शुद्धलेखन लिहू द्या."

मी कागद हातात घेतला. मोठा मथळा मला तुटक तुटक लागला. खालचा मजकूर म्हणजे मुंग्यांवर मुंग्या. मी कागद लांब धरला, जवळ धरला. चष्मा काढला, घातला. पोरं पेन्सिली घेऊन तयार बसली होती. मी एक वाक्य बनवून म्हटलं, पाऊसपाण्याबद्दल काहीतरी. साहेब उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे कुठे लिहिलंय?"

मी कागद नाकाला लावला. शाईचा वास आला. एक शब्द वाचला, दुसरा चुकला. वर्गात एकही पोरगं हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

"बाई, वाचता येतं ना तुम्हाला?" साहेबांनी विचारलं. मग दाराकडे जाता जाता हेडमास्तरांना हळू आवाजात म्हणाले, "अशांना पास कोण करतं?"

'अशांना' म्हणजे कोणाला, हे हेडमास्तरांना कळलं, मला कळलं, आणि मला वाटतं मागच्या रांगेतल्या पोरांनाही कळलं.

मास्तरकीची परीक्षा मी पहिल्या वर्गात पास झाले होते. ते सांगायला तोंड उघडलं नाही. माझी लाज माझ्या एकटीची असती तर मी ती कशीही गिळली असती. पण आता वस्तीतली दुसरी मुलगी नेमणूक मागायला जाईल तेव्हा तिच्याआधी माझी गोष्ट तिथे पोचलेली असेल, हे मला गिळता येत नव्हतं.

हेडमास्तरांनी मला रजेवर जायला सांगितलं. घरी मी पोट दुखतं म्हणून सांगितलं, पण गाव लहान. दोन दिवसांत बाबांच्या कानावर गेलं. ते विहारापुढे बसायचे बंद झाले. कामावरून आले की सरळ घरात. माझ्यावर एकदा जरी ओरडले असते तरी चाललं असतं. ते माझ्याशी पाहुण्यासारखे वागायला लागले. जेवलीस का, पाणी घेतलंस का, एवढंच.

घरात माझी धाकटी बहीण कमल होती, हायस्कुलात जाणारी. ती बडबडी. त्या दिवसांत तीही गप्प झाली. मला वाटलं, माझ्यामुळे तिला मैत्रिणींत तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

*

मलकापूरला माझे मामा होते, कापसाच्या बाजारात हमाली करायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. स्टेशनजवळच्या धर्मशाळेत डोळ्यांचं शिबिर भरणार होतं, तिथे ऑपरेशन ठरलं. त्यांच्याजवळ राहायला माय निघाली आणि मला सोबत घेऊन गेली. घरी मला एकटी सोडायची तिला भीती वाटत असावी.

धर्मशाळेच्या ओसरीवर म्हाताऱ्या माणसांची रांग होती. कोणी काठी धरलेलं, कोणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवलेलं. मी खांबाआड बसले. इतक्या म्हाताऱ्यांत विशीतली पोरगी बसली म्हणजे हिला काय झालंय, असं लोक बघणारच.

मामांचा नंबर लागला. आत नागपूरकडचे एक डॉक्टर होते, तरुण, दाढी वाढलेली, सकाळपासून उभे असावेत. त्यांनी मामांना तपासलं. मामा उठले नाहीत. म्हणाले, "माह्या डोयाचं होईन मागून. हे माही भाची पाहा आधी. मास्तरीण आहे. हिले दिसत नाही अन् कोणी मानत नाही."

मला मामांचा राग आला. भरल्या खोलीत त्यांनी ते सांगून टाकलं होतं. आजवर तेवढं कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

डॉक्टरांनी मला भिंतीवरच्या तक्त्यासमोर बसवलं. मला वरच्या दोनच ओळी वाचता आल्या. मला वाटलं, आता तेही सोंग म्हणतील. पण त्यांनी एक काळा पुठ्ठा उचलला, त्याला टाचणीने पाडल्यासारखं एकच भोक होतं. तो माझ्या डोळ्यापुढे धरून म्हणाले, यातून वाचा.

मी वाचलं. तिसरी ओळ, चौथी, पाचवी. तेच ते माझ्या मुठीतलं भोक. मला रडू फुटलं, पण मी वाचत राहिले.

"डोळा आतून चांगला आहे," ते म्हणाले. "म्हणूनच बत्तीने कोणाला काही दिसलं नसेल. बिघाड पुढच्या काचेत आहे."

मग त्यांनी दुसरी वस्तू काढली. ताटलीएवढा गोल पुठ्ठा, त्यावर एकात एक काळीपांढरी कडी रंगवलेली, मध्ये भोक आणि भोकात एक लहानसं भिंग. मागे धरायला लाकडाची पट्टी. हा त्यांनी स्वतः बनवला होता. म्हणाले, मोठ्या शहरात यासाठी यंत्रं आहेत, ती काही मी बैलगाडीतून आणू शकत नाही, आणि या कामाला हे पुरतं. त्यांनी मला खिडकीकडे पाठ करून बसवलं, तबकडी माझ्या डोळ्यासमोर आणली आणि भोकातून बराच वेळ पाहिलं. मला खाली बघायला लावून पापणी कशी दिसते तेही बाजूने पाहिलं. दुसराही डोळा तसाच पाहिला.

नंतर त्यांनी जे केलं ते कोणत्याच डॉक्टरने केलं नव्हतं. त्यांनी मायला बोलावलं. माझी माय निरक्षर. ती पदर सावरत दाराशी उभी होती. त्यांनी आधी तिथल्या नर्सबाईंना बसवलं आणि मायच्या हातात तबकडी देऊन म्हणाले, यांच्या डोळ्यात काय दिसतं ते सांगा.

मायने भोकाला डोळा लावला. "चाकं दिसतात. एकात एक. गोल."

"आता मुलीच्या डोळ्यात पाहा."

माय माझ्या इतकी जवळ आली की तिचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. तबकडी तिने थोडी पुढे-मागे केली. मग म्हणाली, "गोल नाहीत हो. भाकर थापताना एका अंगाले ओढली जाते, तशी झाली. अन् खाली सारे कडे एकमेकांत घुसले."

"हाच आजार," डॉक्टर म्हणाले. "बुबुळावरचा पडदा गोल असायला हवा, तो हिचा शंकूसारखा पुढे आलाय. याला केराटोकोनस म्हणतात. तरण्या वयातच सुरू होतो."

मायने तबकडी खाली केली नाही. तशीच हातात धरून विचारलं, "म्हंजे माही पोरगी खोटं बोलत नव्हती."

"नाही."

"डॉक्टर म्हणे आत काही नाही."

"आत नाहीच काही. पुढे आहे. पुढे कोणी पाहिलं नाही."

मायने पुन्हा एकदा भोकाला डोळा लावून माझ्या डोळ्यात पाहिलं. नर्सबाईंनी तबकडी मागितली तेव्हा तिने ती नाइलाजाने दिली. मग माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवायला लागली आणि मध्येच थांबली, डोळ्याला हात लागेल म्हणून.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली, ती इथे लिहून ठेवते: डोळे चोळू नका. खाज आली तर गार पाण्याची पट्टी ठेवा, पण चोळू नका. आणि हा रोग कधी कधी एका घरात दोघांना असतो, तेही ते म्हणाले होते. त्या दिवशी मी ते कानाआड केलं. मला नाव मिळालं होतं, त्यातच मी बुडाले होते. आजाराचं नाव ऐकून कोणाला आनंद होतो का? मला झाला, आणि मग लगेच भीती वाटली. पुढे वाढला तर? आंधळी झाले तर? डॉक्टर म्हणाले होते, सहसा पूर्ण अंधार होत नाही, पण चष्मा उपयोगाचा नाही. डोळ्यात बसवायची भिंगं मुंबईला मिळतात.

*

मुंबईला माय माझ्यासोबत आली. भिंगांपायी माझा कितीतरी महिन्यांचा पगार जाणार होता, ते पैसे कुठून आणायचे याची बोलणी बाबांनी मला ऐकूच दिली नाहीत.

इस्पितळात रोज सकाळी बाकावर बसायचं. आत बोलावलं की टणक काचेसारखी चिमुकली चकती बुबुळावर बसवायचे. डोळ्यात खडा जावा तसं व्हायचं. पाणी थांबत नसे. तसंच बसायचं, मग काढायचं, दुसरी लावायची, पुन्हा बसायचं. पहिल्या दिवशी मी चकती सहन न होऊन डॉक्टरांचा हात झटकला. माफी मागितली तर ते म्हणाले, इथे सगळेच झटकतात.

त्या बाकावर माझ्यासारखी आणखी एक होती, मुंबईचीच कॉलेजातली मुलगी. तिने मला विचारलं, तुला चंद्र किती दिसतात? मी म्हटलं, पाच-सहा. ती म्हणाली, मला तर अख्खा द्राक्षांचा घोस. एकदा तिची चकती खाली पडली आणि आम्ही दोघी, माय आणि आणखी दोघं-तिघं गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत राहिलो. शेवटी ती तिच्याच ओढणीला चिकटलेली निघाली. मी पोट धरून हसले. किती दिवसांनी, ते माय सांगायची नंतर. तिथे त्या आजाराची कोणाला लाज नव्हती, कारण सगळ्यांनाच तो होता.

बरोबर बसलेलं भिंग लागलं त्या दिवशी डोळ्यांतलं पाणी ओसरल्यावर मी वर पाहिलं. समोर माय बसली होती, एकच. तिचं लुगडं मला नीट दिसलं. ते ठिकठिकाणी रफू केलेलं होतं. खांद्यावर, पदराला, गुडघ्याजवळ. बारीक टाके. मी दोन वर्षं पगार घेत होते आणि रोज तिच्या हातचं जेवत होते. मला तो रफू दिसला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, कसं दिसतंय? मी म्हटलं, चांगलं. आणि मान खाली घातली.

*

मी परत कामावर गेले. डॉक्टरांचा दाखला पाहून हेडमास्तरांनी वर कळवलं आणि नोकरी राहिली. पुढच्या तपासणीला आले ते साहेब दुसरेच होते. ज्यांनी ते वाक्य म्हटलं त्यांना वाचून दाखवायची संधी मला मिळाली नाही.

लाज मात्र गेली नाही. आमच्याकडची धूळ आणि ती भिंगं यांचं जमत नसे. वारा सुटला की भिंगाखाली कण जायचा आणि डोळा पेटायचा. मग मी शाळेमागच्या भिंतीआड जायचे, डोळे ताणून भिंगं तळहातावर पाडायची, धुवायची, पुन्हा घालायची. कोणी पाहिलं तर? काचेच्या डोळ्यांची मास्तरीण म्हणतील. घरीसुद्धा मी गोठ्यामागे जाऊन काढायचे. घरच्यांशिवाय गावात मी कोणाला आजाराचं नाव सांगितलं नाही. लोकांनी समजून घेतलं की मुंबईचा चांगला चष्मा मिळाला आणि धूर उतरला.

शाळेसाठी मी डॉक्टरांसारखी एक तबकडी बनवली. कॅलेंडरचा पुठ्ठा, काळी शाई, आणि भोकात जुन्या चष्म्याच्या दुकानातून आणलेलं भिंग. ज्या पोरांची तक्रार असे त्यांना खिडकीकडे पाठ करून बसवायचे. माझं काम फक्त कडी गोल आहेत की नाहीत ते पाहायचं. वाकडी दिसली तर मोठ्या डॉक्टरकडे पाठवायचं. ती शाळेत मी 'तपासायचं चाक' म्हणून खपवली. मलाच तो आजार आहे, हे पोरांना सांगितलं नाही.

त्या वर्षी कमल गणितात नापास झाली. तिने फळ्यावरचे आकडे चुकीचे उतरवले होते. बाबा म्हणाले, हिचं मन नाही शाळेत, स्थळ पाहू. कमलने वाद घातला नाही, हेच मला खटकलं. ती वाद घालणारी मुलगी.

एका रविवारी दुपारी मी तिला अंगणात बोलावलं. ती नाही म्हणाली. काम काढलं, पाणी भरायला निघाली. मी तिचा हात धरून तिला उन्हाकडे पाठ करून बसवलं आणि तबकडी लावली. उजव्या डोळ्यात कडी गोल होती. डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला ती दाटली होती. फार नाही. ज्याला माहीत नाही त्याला कळलं नसतं.

मी तबकडी खाली घेतली. तिने माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं.

"ताई, कोणाले सांगू नको," ती म्हणाली. "मले माहीत आहे. दिव्याले शेपटी दिसते."

"कवापासून?"

"तू रजेवर होती ना, तवापासून."

"मंग बोलली काऊन नाही?"

तिने मान खाली घातली. "आधी भेव वाटत होतं. मंग तू गोठ्यामागं जाऊन काढते ते मी पाह्यलं. मले वाटलं, इतकं लपवाचं असन तं चांगलं नसन काही."

मी तिच्यापुढे उकिडवी बसले होते, तशीच बसून राहिले. साहेबांच्या त्या वाक्यापेक्षा हे मला जास्त लागलं. तिथे दोष दुसऱ्याचा होता.

अंगणापलीकडे कडुनिंबाखाली शेजारच्या सखूकाकू आणि चार-पाच बाया तूर निवडत बसल्या होत्या. मी कमलचा हात धरून तिकडे गेले. मला काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. मी खाली बसले, डोळा ताणला आणि भिंग तळहातावर पाडलं. मग दुसरं. बायांचे हात थांबले.

मी सांगितलं की माझ्या डोळ्यांत हे असतं. हे नसलं तर मला तुमची तोंडं दिसत नाहीत, एकेकाची चार दिसतात. बाजारात काका दिसले नाहीत ते ह्याच्यामुळे. हा रोग आहे, याला नाव आहे, आणि आता तो कमलच्याही डाव्या डोळ्यात आहे. 

 सखूकाकू वाकून माझ्या तळहातावरच्या त्या दोन चकत्या पाहत राहिल्या. मग सुपाला बाजूला सारून त्यांनी कमलसाठी जागा केली आणि तिची हनुवटी धरून तिच्या डाव्या डोळ्यात निरखून पाहिलं.

"दुखते का वं पोरी?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण कमल आधी बोलली.

"दुखत नाही काकू," ती म्हणाली. "दिसत नाही."